खुब्याचा एव्हीएन: ड्रिल, पेशी की सरळ सांधाबदल?

रानजाई
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

धाकटा भाऊ, वय ३६. चार वर्षांपूर्वी किडनीच्या आजारासाठी बरेच महिने स्टिरॉइड चालू होतं. तो आजार आटोक्यात आला. वर्षभरापासून डाव्या जांघेत दुखायला लागलं. आधी सगळे कंबर म्हणाले, मग गुडघा म्हणाले (गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ). शेवटी एमआरआय झाला आणि दोन्ही खुब्यांत एव्हीएन निघालं, म्हणजे बॉलचा (मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा) रक्तपुरवठा तुटून आतलं हाड मेलंय. डावीकडे बॉल थोडा चेपलाय, रिपोर्टमध्ये स्टेज ३ लिहिलंय. उजवीकडे स्टेज २, आणि उजवा अजिबात दुखत नाही!

तीन डॉक्टर झाले. पहिले म्हणतात दोन्हीकडे भोक पाडून स्टेम सेल घालू. दुसरे म्हणतात डावा सांधा बदला आणि उजव्याला कोअर डीकम्प्रेशन (नुसतं भोक पाडून आतला दाब मोकळा करणं) करा. तिसरे म्हणतात आत्ता काही नको, गोळ्यांवर काढा, पुढे दोन्ही एकदमच बदलू. भाऊ पहिल्यांकडे झुकलाय, कारण "आपलं हाड आपल्याकडे राहतं". मला काहीच कळेनासं झालंय. ज्यांनी यातलं काही करून घेतलंय त्यांनी कृपया लिहा.

तिरकस
तीन डॉक्टर आणि तीनच मतं? बरीच एकवाक्यता आहे म्हणायची. माझ्या पाठीला पाच डॉक्टर आणि सात मतं होती.
(हलकेच घ्या. भावाला लवकर बरं वाटो.)

कुबडीवाला
आयडीवरून ओळखलंच असेल. माझा उजवा खुबा, ११ वर्षांपूर्वी, स्टेज २. कारण शेवटपर्यंत सापडलं नाही. स्टिरॉइड नाही, दारू नाही, अपघात नाही.

कोअर डीकम्प्रेशन केलं. ऑपरेशन म्हणून बघाल तर किरकोळ. मांडीच्या बाहेरच्या बाजूला छोटी चीर, तिथून एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत मांडीच्या हाडाच्या मानेतून वर बॉलपर्यंत तार घालतात आणि तिच्यावरून ड्रिल. माझ्या वेळी एकच जाड भोक पाडलं, आता बरेच जण ३ मिलिमीटरची दोन-तीन बारीक भोकं पाडतात. हाडाच्या आत दाब साचलेला असतो तो मोकळा होतो. मला तर त्याच रात्री फरक जाणवला. ऑपरेशनचं दुखणं होतं, पण ते आतलं ठणकणं गेलं होतं.

खरी परीक्षा नंतरची. सहा आठवडे दोन कुबड्या, त्या पायावर भार नाही. माणूस आठ दिवसांत कंटाळतो, दुखत नसल्यामुळे शेफारतो आणि पाय टेकवतो. तसं करू नका. जिथून ड्रिल आत गेलं ती जागा कच्ची असते, तिथूनच मांडीचं हाड मोडल्याची उदाहरणं आहेत.

बॉल आजही गोल आहे. पण हे वाचून लगेच खूश होऊ नका. माझ्या आतेभावाने हेच केलं, त्याच डॉक्टरांकडे, आणि १४ महिन्यांत बॉल बसला, म्हणजे चेपला. माझा मेलेला तुकडा छोटा होता, त्याचा मोठा. एवढाच फरक.

अपूर्णविराम
>> उजवा अजिबात दुखत नाही
मग त्याला हात कशाला लावायचा? न दुखणाऱ्या जागी ड्रिल म्हणजे आ बैल मुझे मार.

फिल्मवाचक
मी रेडिऑलॉजिस्ट आहे, ऑपरेशन करत नाही, रोज या फिल्म वाचतो. अपूर्णविराम, तुमचा प्रश्न सगळ्यांनाच पडतो, पण माझ्या मते उत्तर नेमकं उलटं आहे.

बॉलला रक्त मुख्यतः एकाच बाजूने मिळतं. मांडीच्या हाडाच्या मानेला चिकटून वर चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या असतात. वाटीच्या बाजूने येणाऱ्या लिगामेंटमध्येही एक छोटी धमनी असते, पण मोठ्या माणसात तिच्या भरवशावर बॉल जगत नाही. म्हणून मान मोडली किंवा सांधा निखळला की या वाहिन्या तुटतात आणि एव्हीएन होतं. स्टिरॉइड आणि दारूत आतल्या आत चरबी वाढून, गुठळ्या होऊन प्रवाह अडतो असं मानलं जातं. सिकल सेल आणि ल्युपस हे आजार, खोल पाण्यातून झटकन वर येणारे पाणबुडे, ही यादीही ठरलेलीच.

आता मुद्द्याचं. हाड मेलं म्हणून लगेच बसत नाही. मेलेलं हाडसुद्धा बराच काळ तितकंच टणक असतं. ते बसतं दुरुस्ती सुरू झाल्यावर. कडेच्या जिवंत भागातून पेशी येतात, मेलेलं हाड खाऊन टाकतात आणि मागून नवं रचत जातात. खाण्याचा वेग रचण्यापेक्षा जास्त. त्या मधल्या काळात शरीराचा भार पडून कूर्चेच्या खालचा थर मोडतो. एक्स-रेत तिथे चंद्रकोरीसारखी काळी रेघ दिसते, तीच क्रेसेंट साइन. सरळ एक्स-रेत ती कधी कधी चुकते, गुडघे दुमडून बेडकासारखे पाय फाकवून काढलेल्या एक्स-रेत सापडते.

म्हणजे न दुखणारा उजवा खुबा हाच वाचवण्याजोगा आहे. डाव्याची गाडी बहुधा सुटली. न दुखणारे खुबे तसेच सोडले तर निम्म्याहून जास्त पुढे दुखू लागतात किंवा बसतात. स्टिरॉइडवाल्यांत दोन्ही बाजूंना असणं तर नेहमीचंच.

रानजाई, रिपोर्टमध्ये स्टेजच्या पुढे काय लिहिलंय? तुकडा केवढा, कुठे, भोवती सूज आहे का? नसेल तर रेडिऑलॉजिस्टला केर्बूलचा कोन मोजून मागा. एमआरआयच्या समोरून आणि बाजूने घेतलेल्या मधल्या कापांत मेलेल्या तुकड्याचा कोन मोजून दोन्हीची बेरीज करतात. १९० अंशांच्या आत असेल तर बॉल बसण्याचा धोका कमी, २४० च्या वर असेल तर खूप. मधल्यांचं काही सांगता येत नाही.

अपूर्णविराम
डॉक, साष्टांग. म्हणजे बॉल मेल्यामुळे नाही, बरा होता होता पडतो? हे म्हणजे रुग्ण उपचाराने गेला असं झालं.

फिल्मवाचक
अगदी तसंच. म्हणूनच दुरुस्तीचा वेग बदलण्याच्या मागे सगळे लागलेत.

मेधा_आठ
मी पेशींच्या बाजूने लिहिते, कारण आमच्या घरात त्याचा फायदा झालाय. नवऱ्याचे दोन्ही खुबे, एक स्टेज १, एक स्टेज २. सहा वर्षं झाली. कमरेच्या हाडातून सुईने मगज (बोन मॅरो, स्टेम सेल त्यातच असतात) काढला, यंत्रात फिरवून घट्ट केला आणि ड्रिलच्या भोकातून बॉलमध्ये सोडला. एकाच भूलीत सगळं. दरवर्षी एक्स-रे काढतो, दोन्ही बॉल गोल.

आम्ही हवेत उडी मारली नव्हती. फिलिप एर्निगू नावाचे फ्रेंच सर्जन १९८०च्या दशकाच्या शेवटापासून हे करत आलेत. त्यांनी स्टिरॉइडमुळे दोन्ही बाजूंना एव्हीएन झालेले १२५ जण घेतले. प्रत्येकाच्या एका खुब्यात नुसतं ड्रिल, दुसऱ्यात ड्रिल अधिक मगज. सरासरी २५ वर्षांनी पाहिलं तर नुसत्या ड्रिलवाले ७२ टक्के बॉल बसले होते आणि मगजवाले २८ टक्के. माणूस तोच, रक्त तेच, आजार तोच. यापेक्षा चांगली तुलना कुठली असणार? हा लेख २०१८चा आहे.

उंबरठा
मेधाताई, तुमच्या नवऱ्यांचं छान झालं, पण इथे वाचणाऱ्याने फक्त तेवढंच वाचू नये म्हणून लिहितो.

मलाही हेच सांगितलं होतं. माझा खुबा तेव्हा स्टेज ३ होता, बॉल चेपलेला. माहितीपत्रकावर गुळगुळीत बॉलचं चित्र आणि "हाड पुन्हा उगवते". हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. मी एकदाच विचारलं होतं की चेपलेला बॉल परत गोल कसा होणार, तर "पेशींना त्यांचं काम माहीत असतं" असं उत्तर मिळालं. दीड वर्ष कुबड्या, नोकरीत अर्धा पगार आणि शेवटी सांधा बदललाच. बदलताना सर्जननी काढलेला बॉल दाखवला. वरची कूर्चा पोपडा सुटावा तशी सुटली होती.

२०१८चाच दुसरा अभ्यास बघा, बेल्जियममधला. फक्त स्टेज ३चे रुग्ण. अर्ध्यांना ड्रिल अधिक मगज, अर्ध्यांना नुसतं ड्रिल, कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. फरक शून्य.

मेधा_आठ
उंबरठा, वाईट वाटलं वाचून. मी स्टेज १-२ बद्दलच लिहिलं होतं, पण ते ठळक करायला हवं होतं हे मान्य.

फिल्मवाचक
दोघेही बरोबर आहात, आणि दोन्ही अभ्यास एकमेकांना खोटं पाडत नाहीत. बेल्जियममध्येच २००४ साली छोटा अभ्यास झाला होता, बॉल बसण्याआधीच्या १८ खुब्यांचा. दोन वर्षांत मगजवाल्या १० पैकी १ पुढच्या पायरीला गेला, नुसत्या ड्रिलवाल्या ८ पैकी ५ गेले. बॉल गोल आहे तोवर हे शिंपण आहे. छत पडल्यावर शिंपून काय होणार?

"स्टेम सेल" या शब्दाबद्दलही थोडं. त्या घट्ट केलेल्या मगजात खऱ्या स्टेम सेल फार थोड्या असतात, दहा हजार पेशींमागे एखादी, कधी तीही नाही. स्टिरॉइड घेतलेल्यांच्या मगजात आणखी कमी. त्यामुळे किती मगज काढला, कुठून काढला, किती पेशी मोजल्या, हे विचारायला लाजू नका. शिवाय त्याच दिवशी यंत्रात फिरवून परत सोडणं वेगळं आणि प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवून सोडणं वेगळं. नाव दोन्हीला एकच लावतात. नुसतं पीआरपी (रक्तातल्या प्लेटलेट घट्ट करून) टोचून "स्टेम सेल केलं" म्हणणारेही आहेत.

तिरकस
थोडक्यात, माहितीपत्रकावरचा बॉल कायम गोल असतो.

घड्याळजी
माझ्या ओळखीतल्या एका बाईंना हेच झालं होतं, एमआरआयमध्ये खुबा पांढराफटक, आणि सात-आठ महिन्यांत काहीही न करता पूर्ण बरा झाला. सगळेच ऑपरेशनच्या मागे का लागता?

फिल्मवाचक
गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत झालं होतं का?

घड्याळजी
अरे! हो. तुम्हाला कसं कळलं?

फिल्मवाचक
मग ते बहुतेक एव्हीएन नसावं. तात्पुरता ऑस्टिओपोरोसिस म्हणतात त्याला. बॉलमध्ये आणि मानेत नुसती सूज, मेलेल्या तुकड्याची कड दिसत नाही. मध्यमवयीन पुरुषांतही होतो. भार कमी केला की काही महिन्यांत आपोआप जातो. अशांना घाईने ड्रिल मारलं आणि ते बरे झाले की कौतुक मात्र ड्रिलचं होतं.

सायकलस्वार
थोडं अवांतर. २००६ची टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत फ्लॉइड लँडिसने एव्हीएन झालेल्या खुब्यावर जिंकली होती. २००३ साली पडून खुबा मोडला होता, त्यातून झालेलं. शर्यतीनंतर दोन महिन्यांत त्याने बॉलवर धातूची टोपी बसवून घेतली.

तिरकस
आणि मग उत्तेजक सापडून जेतेपद गेलं. खुबा सोडून बाकी सगळं तपासलं म्हणायचं.

सायकलस्वार
तो भाग मी सोयीस्करपणे गाळला होता. :) बरं, मग अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळणारा बो जॅक्सन घे. १९९१च्या जानेवारीत फुटबॉल खेळताना खुबा निखळला, एव्हीएन झालं, १९९२ला सांधा बदलला आणि १९९३ला बेसबॉलच्या मैदानात परत. पहिल्याच संधीला होम रन. ज्यांना वाटतं की सांधा बदलला म्हणजे संपलं, त्यांच्यासाठी.

नवाखुबा
सायकलस्वार, अशी उदाहरणं वाचून माझा एक मित्र तीन महिन्यांत धावायला लागला होता, म्हणून जरा जपून. मी ३८व्या वर्षी डावा आणि ३९व्या वर्षी उजवा बदलला. ते दुखणं गेलं, एका झटक्यात. ज्याने रात्री कूस बदलताना जीव मुठीत धरलाय त्यालाच याची किंमत कळेल. आता चालणं, जिने, पोहणं सगळं करतो. पळत नाही.

"बदलला तर दहा वर्षंच टिकतो" हे भावाच्या डोक्यातून काढा. २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मोठा आढावा आला होता, त्यात २५ वर्षांनंतर सुमारे ५८ टक्के बदललेले खुबे जागेवर होते. अर्थात त्यात वयस्कर माणसं जास्त, तरुण माणूस सांध्याला जास्त राबवतो. पण ते सांधे जुन्या प्लॅस्टिकचे होते. १९६२ला जॉन चार्नलींनी जे बसवायला सुरुवात केली त्याच घराण्यातले म्हणा. नंतरचं क्रॉस-लिंक्ड प्लॅस्टिक बरंच कमी झिजतं, बॉल सिरॅमिकचा मिळतो. माझा उजवा सिरॅमिकवर सिरॅमिक आहे, खाली वाकलो की कधी कधी दाराच्या बिजागरीसारखा कुरकुरतो. मुलं हसतात.

३६व्या वर्षी बदलला तर आयुष्यात पुन्हा एकदा बदलावा लागेल हे धरून चाला. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं. एवढं मान्य करून मी सही केली होती.

धातूवर धातूच्या जोडीपासून मात्र मी लांब राहिलो. झीज होऊन धातूचे कण आजूबाजूच्या मांसात उतरतात, २०१०मध्ये एका कंपनीला असे सांधे जगभरातून परत मागवावे लागले.

दोन_टाके
कोणीच लिहिलं नाही म्हणून. बहिणीने २४व्या वर्षी पोटरीतलं बारीक हाड (फिब्युला) रक्तवाहिनीसकट काढून बॉलखाली बसवून घेतलं होतं आणि ती वाहिनी खुब्याजवळच्या वाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडली होती. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात अर्बनियाक यांनी १९७९पासून ही पद्धत रुजवली. आठ तास लागले. १६ वर्षं निभावलं, मग सांधा बदलला. चाळिशीपर्यंत स्वतःच्या खुब्यावर चालली, तिला पश्चात्ताप नाही. पण पायाचा अंगठा तेव्हापासून वाकलेलाच आहे, आणि हे करणारे हात सगळीकडे नसतात.

तिरकस
आणि जपानी पद्धतीत बॉलच फिरवून मेलेली बाजू भारातून बाहेर काढतात असं वाचलं. खरंय का डॉक? हे म्हणजे सोफ्यावरचा डाग भिंतीकडे करण्यासारखं झालं.

फिल्मवाचक
:D उपमा चपखल आहे. सुगिओका यांचं ऑस्टिओटॉमीचं काम, १९७८ला इंग्रजीत छापून आलं. जपानमध्ये निकाल चांगले, बाहेर इतरांना तसे जमले नाहीत. आणि एकदा हाड कापून फिरवलं की पुढे सांधा बदलणाऱ्याचं काम वाढतं. टँटलम धातूच्या दांड्याही अशाच. बॉलला टेकू म्हणून ठोकायचे, पण बॉल बसला की ती दांडी काढताना सर्जनच्या नाकी नऊ यायचे. नुसत्या ड्रिलचं मला आवडतं ते हेच, पुढचा रस्ता बंद होत नाही.

अपूर्णविराम
गोळ्यांनी काही होत नाही का? ऑस्टिओपोरोसिसच्या?

फिल्मवाचक
अ‍ॅलेंड्रोनेट. २००५ साली तैवानमध्ये निकाल इतका छान आला की सगळ्यांनी लिहायला सुरुवात केली. २०१२ साली तैवानमध्येच जास्त केंद्रं घेऊन परत केलं, फायदा दिसला नाही. काही डॉक्टर अजूनही देतात. भावाची किडनी पाहता ते विचारूनच.

घड्याळजी
मुळात स्टिरॉइड हेच विष. बंद करा म्हणावं आधी.

रानजाई
घड्याळजी, त्या स्टिरॉइडनेच त्याची किडनी वाचली. आणि कोणी वाचून अचानक बंद करू नका, त्याने वेगळंच संकट ओढवतं हे आम्हाला तेव्हाच बजावलं होतं.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक, तुमच्यामुळे रिपोर्ट परत मोजून घेतला. उजवा १९८, डावा २६०.

कुबडीवाला
ताई, एक राहिलं. पहिले डॉक्टर दोन्हीकडे ड्रिल म्हणतात ना? एकाच दिवशी दोन्ही केलं तर सहा आठवडे भार कोणत्या पायावर? कुबड्यांना एक तरी शहाणा पाय लागतो. आणि नुसता उजवा केला तर सगळा भार त्या चेपलेल्या डाव्यावर. हे विचारलंत का?

रानजाई
नाही विचारलं! इतके दिवस स्टेम सेल, स्टेम सेल करत बसलो आणि हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. उद्याच विचारते.

रानजाई
दोन महिन्यांनी येतेय, क्षमस्व.

कुबडीवालादादांचा प्रश्न तिन्ही डॉक्टरांना विचारला. पहिले म्हणाले व्हीलचेअर. तिसरे म्हणाले म्हणूनच थांबा. दुसरे उठून कागद घेऊन आले आणि चित्र काढलं: डावा बदलला तर त्यावर दुसऱ्या दिवशी उभं राहता येतं, म्हणजे तोच शहाणा पाय. मग त्याच भूलीत उजव्याला ड्रिल, आणि हवा असेल तर मगज. मगजाबद्दल म्हणाले, "घालू, पण त्याच्यामुळे टिकेलच असा शब्द देणार नाही." भावाला तेच पटलं. इतक्या दिवसांत कोणी तरी "देणार नाही" म्हणालं होतं.

झालं सगळं. काढलेल्या डाव्या बॉलचा फोटो पाहिला. उंबरठा, तुम्ही लिहिलंत तसाच पोपडा. बोटाने दाबलं की आत जात होता म्हणे. तो फोटो पाहिल्यावर भाऊ "आपलं हाड" हा शब्द बोलला नाही.

आज सहा आठवडे पूर्ण. उजवीकडचा एक्स-रे गोल आहे, पण दर सहा महिन्यांनी बघायचं आहे. त्याने हा धागा अथपासून इतिपर्यंत वाचला आणि कुबडीवालादादांना विचारायला सांगितलंय: आता एकच कुबडी ठेवायला सांगितली आहे, ती कोणत्या हातात? तो उजव्या हातात धरून हिंडतोय.

कुबडीवाला
डाव्या! ज्या पायाला जपायचं त्याच्या विरुद्ध हातात. उजवा पाय आणि डावी कुबडी एकदमच पुढे टाकायची. मीही पहिले चार दिवस उलटीच धरली होती.

तिरकस
आणि दोन्ही खुबे असते तर?

कुबडीवाला
तर आयडी दोनकुबडीवाला घेतला असता.